हृदयाचे डॉक्टर कसे घडले



आपला हात छातीवर, जरासा डावीकडे ठेवा. हाताला काय लागते? धडधड. ही धडधड आपण आईच्या पोटात होतो तेव्हाच सुरू झाली. आपण निजतो, पण ती थांबत नाही. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर एका दिवसात एक लाखाच्या वर ठोके होतात. औताचा बैलसुद्धा दुपारी सोडावा लागतो. ह्या कामगाराला मात्र विसावा नाही.

ह्या कामगाराचे नाव हृदय. बोलताना आपण त्यालाच काळीज म्हणतो. ते आपल्या मुठीएवढे असते.

हृदय बिघडले तर काय करायचे? फार दिवस ह्या प्रश्नाला एकच उत्तर होते. देवाची इच्छा! हृदयाला हात लावायचा नाही, असेच मोठमोठे डॉक्टर म्हणत. मग ही समजूत कोणी मोडली?

ह्या पाठात आम्ही तिघांची गोष्ट सांगणार आहोत. एक बाई, जिला लहानपणी वाचणे फार जड जाई. एक सुतार, ज्याला पैशाअभावी कॉलेजात जाता आले नाही. आणि दुसरी एक बाई, जिला लढाईमुळे घरदार सोडून पळावे लागले. ही तिन्ही माणसे खरी आहेत.

दोन पंप आणि एक भिंत

आधी हृदय काय करते ते समजून घेऊ.

हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप. मध्ये एक भिंत. अंगभर फिरून आलेले मळके रक्त उजव्या पंपात येते. उजवा पंप ते फुफ्फुसांकडे, म्हणजे फोपशांकडे पाठवतो. तिथे रक्ताला श्वासातला प्राणवायू मिळतो. रक्त लालभडक होते. असे ताजे रक्त डाव्या पंपात येते आणि डावा पंप ते सगळ्या अंगाला पुरवतो.

रक्त मागे फिरू नये म्हणून हृदयात झडपा असतात. विहिरीतल्या पाइपाच्या तळाला झडप असते ना? तशाच, पण नाजूक.

आता असे समजा, की एखादे मूल जन्मालाच असे आले, की मधल्या भिंतीला भोक आहे आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. मग काय होईल? मळके रक्त फुफ्फुसाकडे पुरेसे जाणार नाही. ते भोकातून पलीकडे जाईल आणि तसेच अंगात फिरेल. अशा मुलाचे ओठ निळे दिसतात. नखे निळी दिसतात. चार पावले चालले की मूल दमते आणि उकिडवे बसते. तसे बसले की त्याला जरा बरे वाटते.

पूर्वी अशा मुलांना औषध नव्हते. पुष्कळ मुले लहानपणीच जात. आईबाप पाहत बसत.

वाचणे जड जाणारी मुलगी

अमेरिकेत १८९८ साली हेलन टॉसिग नावाची मुलगी जन्मली. वडील मोठे प्राध्यापक होते. पण मुलीला वाचता येईना. अक्षरे ओळखायला तिला इतर मुलांपेक्षा फार कष्ट पडत. हा मेंदूतला एक जन्मजात दोष असतो. त्याचा बुद्धीशी संबंध नाही. आम्ही आयुष्यभर शाळेत मुले शिकवली. अशा मुलांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलेले आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. हेलनच्या वडिलांनी तसे केले नाही. त्यांनी तिला जवळ बसवून धीराने वाचायला शिकवले. ती ११ वर्षांची असताना तिची आई क्षयाने वारली.

मोठी झाल्यावर तिने डॉक्टर व्हायचे ठरवले. तेव्हा बायकांना डॉक्टरकीची वाट सोपी नव्हती. हार्वर्ड नावाच्या नामांकित विद्यापीठात बायकांना वैद्यकाची पदवी देत नसत. एका वर्गात बसू दिले, तेही पुरुषांपासून दूर, कोपऱ्यात. पुढे दुसऱ्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाने तिच्या हाती एका बैलाचे हृदय दिले आणि त्याचा अभ्यास करायला सांगितले. तिथून तिला हृदयाची गोडी लागली. १९२७ साली बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स ह्या विद्यापीठातून ती डॉक्टर झाली. १९३० साली तिथल्याच रुग्णालयात मुलांच्या हृदयरोगाचा विभाग तिच्याकडे आला.

आणि मग दुसरे संकट आले. टॉसिगबाईंना कमी ऐकू येऊ लागले. आता बघा, हृदयाच्या डॉक्टरचे मोठे काम कानाने. नळी लावायची आणि ठोके ऐकायचे. कानच गेले तर?

टॉसिगबाईंनी हातांना शिकवले. मुलाच्या छातीवर त्या अलगद बोटे ठेवीत. ठोका कसा उठतो, कुठे थरथरतो, हे त्या बोटांनी ओळखीत. आवाज मोठा करणारी नळीही त्या वापरीत. एक्स-रेच्या पडद्यावर त्या मुलाचे हृदय वेगवेगळ्या बाजूंनी पाहत. जे मूल जाई, त्याचे हृदय नंतर तपासून आपला अंदाज बरोबर होता का, हे त्या ताडून पाहत.

असे वर्षानुवर्षे केल्यावर त्यांना एक गोष्ट दिसली. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाला एक जादा रक्तनळी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. काही निळ्या मुलांत ती उघडी राहते. ही मुले जास्त दिवस तग धरत. नळी बंद झाली, की मूल जास्त निळे पडे. टॉसिगबाईंनी विचार केला, ही मुले मरतात ती फुफ्फुसाला रक्त कमी पडते म्हणून. मग फुफ्फुसाला रक्त नेणारी एक नवी नळी आपणच जोडून दिली तर? पाटाला पाणी कमी पडले, तर शेतकरी दुसरीकडून फाटा काढतो की नाही? तसेच.

कल्पना चांगली होती. पण टॉसिगबाई काही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्यांनी एका नामांकित शल्यवैद्याला विचारले. त्यांना ही गोष्ट पटली नाही. १९४१ साली आल्फ्रेड ब्लॅलॉक नावाचे शल्यवैद्य जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. त्यांना पटली. आणि ब्लॅलॉक यांच्याबरोबर एक सुतार आला होता.

सुताराचे हात

त्याचे नाव विव्हियन थॉमस. जन्म १९१० सालचा. बाप सुतार. मुलगाही बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकला. शाळा पुरी केली. डॉक्टर व्हायचे मनात होते. कॉलेजसाठी तो पै-पै साठवत होता. पण १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. धंदे बसले. ज्या बँकेत पैसे ठेवले होते, तीही बुडाली. कॉलेज राहिले ते राहिलेच.

१९३० साली थॉमस ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. थॉमस कृष्णवर्णीय होते. त्या काळी अमेरिकेत काळा-गोरा हा भेद फार कडक पाळीत. आपल्याकडच्या शिवाशिवीची आठवण व्हावी, असा तो भेद होता. थॉमस प्रयोगशाळेत शस्त्रक्रिया करीत, रसायने मोजीत, नोंदी लिहीत. पण पगाराच्या कागदावर त्यांची जागा झाडलोट करणाऱ्या नोकराची होती. पगारही तसाच. बाल्टिमोरच्या रुग्णालयात ते पांढरा कोट घालून निघाले, की लोक वळून बघत. काळ्या माणसाच्या अंगावर असा कोट तिथे कोणी पाहिला नव्हता.

ब्लॅलॉक यांनी टॉसिगबाईंची कल्पना थॉमस यांच्यापुढे ठेवली. माणसावर करण्याआधी जनावरावर करून पाहणे भाग होते. थॉमस यांनी सुमारे दोन वर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले. आधी कुत्र्यात तसा दोष तयार करायचा. मग हाताकडे जाणारी एक रक्तनळी वळवून तिचे तोंड फुफ्फुसाच्या रक्तनळीला शिवायचे. काडीएवढ्या नळ्या, आणि त्यांना टाके घालायचे! एक टाका चुकला तर रक्त गळणार. बारीक सुया मिळेनात, तेव्हा थॉमस यांनी मोठ्या सुया तोडून बारीक केल्या. लाकडाचा सांधा जुळवणारे हात इथे कामी आले. हाताला रक्त कमी पडत नाही ना, हेही त्यांनी तपासले. पडत नाही. दुसऱ्या लहान नळ्या ते काम उचलतात.

२९ नोव्हेंबर १९४४

ह्या दिवशी ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा माणसाच्या मुलावर झाली. मुलगी १५ महिन्यांची होती. वजन चार-साडेचार किलो. निळी पडलेली. आईबापांपुढे दुसरा रस्ता नव्हता.

शस्त्रक्रिया ब्लॅलॉक यांनी केली. पण थॉमस यांनी जे पुष्कळ वेळा केले होते, ते ब्लॅलॉक यांनी फारच थोडे केले होते. म्हणून त्यांनी थॉमस यांना बोलावून घेतले. थॉमस एका घडवंचीवर, ब्लॅलॉक यांच्या खांद्यामागे उभे राहिले. टाका कुठे घालायचा, कोणत्या बाजूने घालायचा, हे ते हळू आवाजात सांगत होते. जगातला एक मोठा शल्यवैद्य झाडूवाल्याच्या पगारावरच्या माणसाला विचारून पुढे जात होता. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारावे, ह्यात कमीपणा नाही.

मुलगी वाचली. तिचा रंग सुधारला. पण काही महिन्यांनी ती पुन्हा निळी पडू लागली. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केली, तरी ती गेली. हे आम्ही मुद्दाम सांगतो. नवी विद्या एका दिवसात हाती येत नाही.

तिसरे मूल सहा वर्षांचा मुलगा होता. नळी जोडली, चिमटे सोडले, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत त्याचे निळे ओठ लाल झाले. १९४५ साली ही हकीकत वैद्यकाच्या मासिकात छापून आली. मग गावोगावचे, देशोदेशीचे आईबाप आपली निळी मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

ह्या शस्त्रक्रियेने दोष मुळापासून जात नव्हता, पण मूल जगत होते. पुढे १९५४ साली अमेरिकेतच भोक बुजवून वाट रुंद करण्याची पुरी दुरुस्ती झाली. आज हीच दुरुस्ती भारतातही होते. हृदय उघडता येते, हे मात्र ह्या निळ्या मुलांमुळे लोकांना पटले.

नाव कोणाचे?

त्या शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचे नाव मिळाले. थॉमस यांचे नाव मासिकात नव्हते. घर चालवायला जादा पैसे हवेत म्हणून थॉमस कधी कधी ब्लॅलॉक यांच्याच घरच्या मेजवानीत पेले भरण्याचे काम करीत. ज्या तरुण डॉक्टरांना ते दिवसा टाके घालायला शिकवीत, त्यांनाच रात्री पेले देत!

अन्याय झाला ह्यात शंका नाही. पण शिष्य विसरले नाहीत. त्यांनी शिकवलेले डॉक्टर मोठमोठ्या रुग्णालयांचे प्रमुख झाले. त्यांनीच वर्गणी काढून थॉमस यांचे चित्र करवून घेतले. १९७१ साली ते रुग्णालयात लागले. १९७६ साली विद्यापीठाने थॉमस यांना मानाची डॉक्टर पदवी दिली आणि अध्यापकांत जागा दिली. १९८५ साली ते वारले. आता पुष्कळ डॉक्टर ह्या शस्त्रक्रियेला तिघांचीही नावे लावतात.

टॉसिगबाईंनाही पुरे प्राध्यापकपद मिळायला १९५९ साल उजाडले. तेव्हा त्या ६१ वर्षांच्या होत्या. पण त्यांनी आपली विद्या कुलपात ठेवली नाही. शिकायला येईल त्याला शिकवली. त्या शिष्यांत आपल्या देशाची एक मुलगी होती.

पद्मावतीबाई

शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांचा जन्म १९१७ साली ब्रह्मदेशात झाला. वडील तिथे वकिली करीत. रंगूनच्या कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. १९४२ साली जपानचे सैन्य ब्रह्मदेशात शिरले. आई आणि बहिणींबरोबर त्यांना घर सोडून भारतात यावे लागले. वडील आणि भाऊ मागे राहिले. लढाई संपल्यावरच सगळ्यांची गाठ पडली.

१९४९ साली त्या इंग्लंडला गेल्या. पुढे अमेरिकेत टॉसिगबाईंच्या हाताखाली शिकल्या. तिथे त्या राहिल्या असत्या, तर पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. १९५३ साली त्या परत आल्या आणि दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात शिकवू लागल्या. त्या भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ समजल्या जातात.

इथले हृदयरोग त्यांना निराळे दिसले. दिल्लीत अनेकांच्या हृदयाची उजवी बाजू निकामी झालेली आढळे. फुफ्फुसे खराब झाली, की उजव्या पंपावर ताण पडतो. पुरुषांचे ठीक, ते विडी ओढत. पण जवळजवळ तितक्याच बायकाही आजारी होत्या, आणि त्या तर विडी ओढत नव्हत्या. मग हे कशाने? पद्मावतीबाई आणि त्यांच्या सोबत्यांनी रुग्णांची माहिती गोळा केली आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखवले. कोंडलेल्या खोलीत, लहान वयापासून, रोज तो धूर बायका गिळत होत्या. १९५९ साली त्यांनी हे छापले.

पाहा, संशोधन म्हणजे काय? नुसती मोठी यंत्रे नव्हेत. जे सगळ्यांना रोज दिसते, त्याबद्दल 'असे का?' म्हणून विचारणे, नीट मोजणे आणि लिहून ठेवणे, ह्याचे नाव संशोधन.

पद्मावतीबाईंना १९९२ साली पद्मविभूषण हा मान मिळाला. २०२० साली, १०३ वर्षांच्या होऊन त्या वारल्या.

आपल्या मुलाला व्हायचे असेल तर

कोणी विचारील, आमच्या गावचे पोर हृदयाचे डॉक्टर होईल का? होईल. वाट लांब आहे, पण ठरलेली आहे.

बारावीला शास्त्र विषय घ्यावे लागतात. मग 'नीट' नावाची परीक्षा. नंतर साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस. त्यानंतर तीन वर्षे एम.डी., आणि आणखी तीन वर्षे हृदयरोगाचा खास अभ्यास. म्हणजे बारावीनंतर साडेअकरा वर्षे. शस्त्रक्रिया करणाऱ्याची वाट थोडी निराळी, पण तेवढीच लांब. प्रत्येक पायरीला परीक्षा आहे.

हृदयाच्या उपचारात डॉक्टर एकटा नसतो. हृदयाचा आलेख काढणारा, रक्त फिरवणारे यंत्र सांभाळणारा, रात्रभर जागणारी परिचारिका, ह्या सगळ्यांची विद्या लागते. ह्यांचे शिक्षण कमी वर्षांचे आहे. थॉमस यांची गोष्ट लक्षात ठेवा. जागा कोणतीही असो, काम जाणणाऱ्या हाताला मोल आहे.

आपल्या घरात काय पाहावे

ही एवढी विद्या आपल्या दारापर्यंत येण्यासाठी आपणही काही पाहिले पाहिजे.

बाळाचे ओठ, जीभ किंवा नखे निळी दिसतात का? दूध पिताना बाळ दमते का, त्याला घाम सुटतो का? वजन वाढत नाही का? खेळताना मूल मधेच उकिडवे बसते का? असे दिसले तर अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. बाळ एकाएकी फार निळे पडले, तर तसेच उचलून मोठ्या रुग्णालयात न्या. २०१३ सालापासून मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू आहे. त्यात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

दुसरी गोष्ट घशाची. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा फार दुखला, ताप आला, तर दवाखान्यात न्या. काही मुलांना घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा. सांधे बरे होतात, पण हा ताप हृदयाच्या झडपा बिघडवू शकतो. डॉक्टरांनी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई सांगितली, तर ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

तिसरी गोष्ट धुराची. गॅस असेल तर तो वापरा. चूल असेल तर धूर बाहेर जाईल अशी वाट ठेवा. लहान मूल धुरात बसवू नका.

टॉसिगबाईंना अक्षरे जड गेली, तरी त्यांनी ती सोडली नाहीत. तुम्हीही मोठेपणी पाटी हाती घेतली आहे. हा पाठ तुम्ही वाचला. आता घरी मोठ्याने वाचून दाखवा. शेजारी कोणाचे मूल निळे दिसत असेल, तर त्या आईला आधी वाचून दाखवा.

एकमेकांना विचारा

१. मूल निळे का पडते?
२. ऐकू येईना, तेव्हा टॉसिगबाईंनी काय केले?
३. थॉमस यांचे सुतारकाम कुठे कामी आले?
४. आपल्या घरातला धूर कमी कसा करता येईल?